वाचकांचे प्रश्न : जीनोम वाचणे स्वस्त झाले, आपण तो वाचून घ्यावा का?

गेल्या अंकात मधुमेहाच्या आनुवंशिकतेविषयीच्या एका पत्राला उत्तर देताना, माणसाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला सगळा मजकूर, वाचण्याचा खर्च आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागला आहे, असे मी ओझरते लिहिले होते. त्या एका वाक्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची इतकी पत्रे आली की हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, कारण या विषयात एकाची ओळख पटली की साऱ्या घराची पटते.

आमच्या पाठ्यपुस्तकात मानवी जीनोम प्रकल्पाला १३ वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागल्याचे लिहिले आहे. आता मोबाइलवर जाहिरात येते की काही हजार रुपयांत 'तुमचा डीएनए' वाचून मिळेल. किंमत इतकी खाली आली कशी? आणि स्वस्त झाले म्हणजे काम कच्चे झाले, असे तर नाही? — बी. एस्सी.चा विद्यार्थी, दापोली

मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, एप्रिल २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि त्यावर सुमारे २७० कोटी डॉलर खर्च झाले. त्यात यंत्रे घडवणे, गुणसूत्रांचे नकाशे काढणे, माणसे तयार करणे असे सारेच आले, त्यामुळे तो एका जीनोमचा भाव नव्हे. एका माणसाचा जीनोम वाचायला किती पैसे लागतात याची नोंद अमेरिकेची राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्था ठेवत आली आहे. २००१ मध्ये हा खर्च साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात होता, २००७ मध्ये तो एक कोटीच्या आसपास आला आणि २००८ पासून तो असा कोसळला की संगणकाच्या चिपच्या किमतीही तितक्या वेगाने कधी उतरल्या नव्हत्या. २०१४ मध्ये १,००० डॉलरच्या जीनोमची घोषणा झाली. २०२२ मध्ये एका मोठ्या यंत्रनिर्मात्या कंपनीने २०० डॉलरचा आणि एका नव्या कंपनीने १०० डॉलरचा आकडा जाहीर केला.

याचे कारण वाचण्याच्या रीतीत आहे. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेली पद्धत अतिशय अचूक होती आणि एखाद्या निष्कर्षाची खातरजमा करायला ती आजही वापरतात, मात्र तिच्यात डीएनएचा एकेक तुकडा स्वतंत्रपणे वाचावा लागे. आपल्याकडे पोथीचे एकवीस अध्याय एकवीस जण वाटून घेतात आणि सकाळच्या चहापर्यंत पारायण पूर्ण होते, हे तुम्ही पाहिले असेल. नव्या पद्धतीत असे वाचक एकवीस नसतात, कोट्यवधी असतात. डीएनएचे बारीक तुकडे काचपट्टीवर चिकटवतात, प्रत्येक तुकड्याच्या जागच्या जागी असंख्य प्रती काढतात आणि चार अक्षरांची चार रसायने वेगवेगळी चमक देऊन त्यांवर सोडतात. अक्षर जुळले की तो ठिपका चमकतो, कॅमेरा त्याचे छायाचित्र घेतो, चमक पुसली जाते आणि पुढच्या अक्षराची पाळी येते. या पद्धतीचा पाया केंब्रिज विद्यापीठातील शंकर बालसुब्रमणियन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी घातला. त्यांपैकी बालसुब्रमणियन यांचा जन्म चेन्नईचा. एकेक तुकडा जेमतेम दीडशे अक्षरांचा असतो आणि जीनोम ३०० कोटी अक्षरांचा, त्यामुळे हे तुकडे जुळवायचे काम संगणकाकडे जाते. पहिल्या प्रकल्पाने सिद्ध केलेली प्रमाण प्रत हाताशी असल्यामुळेच ते जमते. छापील पोथी शेजारी ठेवून फाटक्या पोथीची पाने लावावीत, तसा हा प्रकार आहे.

काम कच्चे आहे का, या प्रश्नाचे उत्तर असे की प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली गेली असेल, तर साध्या बदलांच्या बाबतीत निष्कर्ष चांगलाच विश्वासार्ह असतो. ज्या भागांत तीच तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात तिथे मात्र तुकडे कुठे बसवायचे हे समजत नाही. प्रमाण प्रतीतलाच सुमारे ८ टक्के भाग २०२२ पर्यंत वाचायचा राहिला होता.

तुमच्या जाहिरातीतली चाचणी मात्र बहुधा जीनोम वाचतच नाही. काही हजार रुपयांच्या लाळचाचण्या एका चिपवर जीनोममधल्या साधारण सहा-सात लाख ठरावीक जागा तपासतात, म्हणजे दर चार-पाच हजार अक्षरांमागे एक अक्षर. याच्या वरची पायरी एक्झोमची, ज्यात प्रथिने घडवणाऱ्या सुमारे २०,००० जनुकांचा, म्हणजे जीनोमच्या जेमतेम एक-दोन टक्क्यांचा भाग नीट वाचतात, आणि त्याच्याही वर संपूर्ण जीनोम. जाहिरातीत या तिन्हींना सरसकट 'डीएनए टेस्ट' म्हणतात. पैसे भरण्यापूर्वी विचारा की चिप आहे, एक्झोम आहे की संपूर्ण जीनोम, आणि प्रत्येक जागा किती वेळा वाचणार. सरळ उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नका. खाली आलेली किंमत यंत्राची आणि रसायनांची आहे, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक माणसाचा जीनोम प्रमाण प्रतीपेक्षा ४० ते ५० लाख जागी वेगळा असतो, आणि त्यांतले कोणते दोन-चार बदल त्या माणसाच्या प्रकृतीशी संबंधित आहेत हे ठरवायला अजूनही जाणत्या माणसाचे तास न् तास लागतात.

माझ्या आईला ४२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. उपचार झाले, आज ती ५८ वर्षांची आहे. सख्खी मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. मी ३१ वर्षांची असून मुंबईत नोकरी करते. परदेशात असलेल्या भावाने लाळेची चाचणी करून घेतली आणि त्यात 'बीआरसीए जनुकांत तपासलेले बदल आढळले नाहीत' असा अहवाल आला. आता आम्ही निर्धास्त व्हायचे का? — एक वाचक, मूळ गाव मालवण

नाही, या अहवालावर निर्धास्त होऊ नका. मला आलेल्या पत्रांत मी सर्वांत आधी उत्तर दिले ते तुमच्या पत्राला.

अहवालातला 'तपासलेले' हा शब्द पुन्हा वाचा. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांत कर्करोगाचा धोका वाढवणारे हजारो वेगवेगळे बदल आजवर नोंदले गेले आहेत. घरबसल्या करायच्या एका प्रसिद्ध लाळचाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये परवानगी दिली, तेव्हा ती त्यांतले फक्त तीन तपासत होती, आणि ते तिन्ही मुख्यत्वे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू समाजात आढळणारे. मालवणातल्या कुटुंबात ते तीन बदल नसणे हे अपेक्षितच आहे आणि त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. शिवाय बदल आईकडे असला तरी तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मीच असते. भावाकडे तो आला नसेल, तरी तुमच्याकडे आला असू शकतो.

पहिली चाचणी आईची व्हावी, तुमची नव्हे. ज्या व्यक्तीला आजार झाला तिच्या रक्तातून ही दोन्ही जनुके आणि त्यांच्या जोडीची इतर काही जनुके पूर्ण वाचून घेतली, तर कारण सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. आईत बदल सापडला, तर तुमची, भावाची, मावशीच्या मुलांची तपासणी फक्त त्या एका जागेची करावी लागते. ती कितीतरी स्वस्त पडते आणि तिचे उत्तर हो किंवा नाही असे स्पष्ट येते. आईत बदल सापडून तुमच्यात तो नसेल, तर तुम्ही खरोखर निर्धास्त होऊ शकता, म्हणजे तुमचा धोका इतर स्त्रियांइतकाच राहतो. आईची चाचणी न करता केवळ तुमची केली आणि काही आढळले नाही, तर बदल मुळातच नव्हता की आपण शोधला तिथे नव्हता, हे कोणालाच सांगता येत नाही. या कामासाठी संपूर्ण जीनोम वाचायची गरजही नाही.

बदल आढळलाच तर पुढे काय, हे आधी समजून घ्यावे. हानिकारक बीआरसीए बदल असलेल्या दहा स्त्रियांपैकी साधारण सहा-सातजणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाचा धोका बीआरसीए-१ मध्ये अधिक, बीआरसीए-२ मध्ये त्याहून कमी. पण यावर करण्यासारखे बरेच आहे. तरुण वयापासून दरवर्षी एमआरआय तपासणी करता येते, मुले झाल्यावर योग्य वयात अंडाशये व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा विचार करता येतो, आणि आजार झालाच तर अशा बदलांवर खास काम करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. अहवालात कधी कधी 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो. त्या शेऱ्यावर कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नका. कालांतराने असे अनेक बदल निरुपद्रवी ठरतात.

चाचणीआधी घरी एक काम करा. मी हे माझ्या आजोळी, गुहागर तालुक्यात, केले आहे. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला वर्तुळ काढत मी आईच्या थोरल्या मावशीजवळ पडवीत बसले होते. ती अडकित्त्याने सुपारी कातरत एकेकीचे सांगत होती : ही बाळंतपणात गेली, ही तापाने, आणि ही "पोटात पाणी भरून गेली, लुगडं पुरेना." पन्नाशीच्या आतली बाई, पोटात पाणी, तीन महिन्यांत शेवट. ते वर्तुळ मी अर्धे काळे करून शेजारी प्रश्नचिन्ह घातले, कारण अंडाशयाचा कर्करोग अनेकदा असाच दिसतो. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांतही मी चाळला. त्यात ती कोणाची पत्नी एवढीच नोंद आहे. कुलवृत्तांत बापाच्या बाजूने चालतो, जनुके मात्र माहेरकडूनही तितकीच येतात. म्हणून आईच्या, आजीच्या, पणजीच्या माहेरची माहिती विचारून लिहा, आजार आणि तो कोणत्या वयात झाला हे टिपा, आणि तो कागद घेऊन समुपदेशनाला जा. टाटा स्मारक रुग्णालयाचा कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा विभाग खारघरला आहे. आईला घेऊन यायचे तर कुडाळला कोकण रेल्वे धरून पनवेलला उतरता येईल.

आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला आकड्या येतात, अजून चालत नाही. कोल्हापूर, पुणे, मुंबई सगळे झाले, दोनदा एमआरआय झाला. एक डॉक्टर एक्झोम चाचणी करा म्हणतात. दुसरे म्हणतात, नाव कळून काय उपयोग? घरात बायकोला बोल लावला जातो, हे वेगळेच. — एक वडील, कणकवलीजवळ

जीनोम वाचणे स्वस्त झाल्याचा खरा लाभ जर कोणाला होत असेल, तर तो तुमच्या मुलासारख्या मुलांना. चाचणी करा, आणि शक्य असेल तर मुलासोबत आईवडिलांचेही नमुने द्या, म्हणजे बदल वारशाने आला की नव्याने घडला हे कळते.

अशा मुलांपैकी साधारण तिघांत एकाच्या बाबतीत नेमके कारण सापडते. ते सापडल्यावर दर वेळी उपचार मिळतोच असे नाही, आणि तसे आश्वासन कोणी दिले तर सावध राहा. पण काही वेळा मिळतो. एका प्रकारच्या आकड्या केवळ ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने थांबतात. मेंदूकडे साखर नेणारे प्रथिन सदोष असेल, तर भरपूर स्निग्धांश असलेल्या विशिष्ट आहाराने मोठा फरक पडतो. एससीएन-१-ए या जनुकातल्या दोषात आकड्यांची काही नेहमीची औषधेच त्रास वाढवतात आणि ती बंद करावी लागतात. तेव्हा नाव कळण्याला उपयोग आहे.

दुसरा उपयोग पुढच्या बाळाचा विचार असेल तर. दोष आईवडील दोघांकडून आला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात पुन्हा २५ टक्के धोका असतो. नव्याने घडलेला असेल, तर तो सहसा एक टक्क्याच्या आसपास राहतो. त्याप्रमाणे अकराव्या आठवड्यानंतर गर्भाची तपासणी करायची की नाही हे ठरवता येते. १९९४च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी आहे, आनुवंशिक आजाराचे निदान नोंदणीकृत केंद्रात करण्यास नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिली आहे. अशा मुलांतला मोठा हिस्सा नव्याने घडलेल्या बदलांचा असतो, म्हणजे तो आईकडूनही आलेला नसतो आणि वडिलांकडूनही. दोघांकडून आलेला असला, तरी तो निम्मा तुमच्याकडून आलेला असतो. तुमच्या पत्नीने ग्रहणात काय केले, काय खाल्ले, कोणाची दृष्ट लागली, यांतल्या कशानेही हे झालेले नाही. हे वाक्य कृपया घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

मुंबईचे केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र शासनाने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. २०२१च्या राष्ट्रीय धोरणात समाविष्ट असलेल्या आजारांसाठी अशा केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. खासगी प्रयोगशाळेत चाचणी करण्याआधी तिथे एकदा दाखवा. चाचणी कुठेही केली तरी अहवालाबरोबर मूळ माहितीची फाईल मागून घ्या. आज काही सापडले नाही, तर दोन वर्षांनी तीच फाईल पुन्हा तपासता येते, नव्याने रक्त द्यावे लागत नाही, आणि दरम्यान नव्या जनुकांची माहिती जमा झालेली असते.

माझे लग्न आतेभावाशी ठरत आहे. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. पण दिराने सुचवले की दोघांचेही जीनोम करून घ्या, पत्रिका जुळवण्यापेक्षा बरे. — एक वाचक, गुहागर तालुका

दिरांच्या मनातली काळजी योग्य आहे, पण त्यांनी सुचवलेली पहिली पायरी चुकली आहे. आते-मामे भावंडांमध्ये साधारण एक अष्टमांश जनुके सामाईक असतात. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते, ती अशा नात्यात चार ते सहा टक्क्यांच्या दरम्यान जाते. घाबरून लग्न मोडावे इतकी ती मोठी नाही आणि दुर्लक्ष करावे इतकी लहानही नाही.

सर्वांत आधी दोघांची रक्तगणना आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करा. काही शे रुपयांच्या या तपासणीत थॅलेसेमिया आणि सिकल सेल या दोन्हींचे वाहक कळतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक धडधाकट असतो, पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सिकल सेलच्या निर्मूलनासाठी केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे, आणि आदिवासी भागांत ही तपासणी सरकारी यंत्रणेमार्फत होते. डहाणूच्या एका वाचकांनी हेच विचारले होते, त्यांनीही हे उत्तर आपले समजावे.

त्यानंतर दोन्ही घरांत लहानपणी दगावलेली मुले, बहिरेपण, अंधत्व, मतिमंदत्व यांची नोंद काढा. तसे काही आढळले, तर दोघांची एक्झोममधून वाहक-तपासणी करणे योग्य ठरेल. नात्यातल्या लग्नात ती तशीही उपयोगी असते. संपूर्ण जीनोमचा अहवाल एकमेकांकडे मागण्याची प्रथा मात्र पडू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक निरोगी माणूस काही ना काही दोषांचा वाहक असतोच. असे अहवाल लग्नाच्या बैठकीत फिरू लागले, तर नकार मुलींच्याच वाट्याला अधिक येतील.

आमच्या घराण्याचा मूळ पुरुष गलबतातून किनाऱ्याला लागला, अशी कथा आहे. जीनोमवरून ती खरी की खोटी हे कळेल का? — निवृत्त शिक्षक, देवगड

गुरुजी, दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एका पिढीत तुमचे १,०२४ पूर्वज येतात. त्यांतल्या पित्याच्या पित्याच्या पित्याची अशी एकच रेघ वाय गुणसूत्रावरून शोधता येते, आणि मूळ पुरुषाची कथा त्या एकाच रेघेविषयी असते. उरलेल्या १,०२३ जणांविषयी ती काही सांगत नाही. कंपन्या जे टक्के देतात ते त्यांच्याकडच्या संग्रहाशी तुलना करून काढलेले असतात, आणि त्या संग्रहात कोकणातल्या समाजांची माणसे फार थोडी असतात.

एका समाजाचा म्हणून अभ्यास झाला, तर मात्र कथेची पडताळणी होऊ शकते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज वाचले, अशी बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांची परंपरा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असा दोन्हीकडचा भरीव वारसा आढळला. गलबताची नोंद जनुकांत नसते. दोन प्रवाह मिसळले, एवढे त्यांवरून कळते. तुमच्या घराण्यासाठी पैसे खर्च करण्यापेक्षा आजीच्या माहेरची वंशावळ पूर्ण करा, ती नातवंडांच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.

मुलीची 'टॅलेंट' ओळखणारी डीएनए चाचणी शाळेतल्या पालकांच्या गटात चर्चेत आहे. करावी का? — एक आई, रत्नागिरी

करू नका. गणित, गायन, खेळ यांची आवड किंवा गती जनुकांवरून एका मुलीच्या बाबतीत सांगता येत नाही. ते पैसे तिच्या पोहण्याच्या वर्गाला द्या.

सवलतीत मिळाली म्हणून मी लाळेची चाचणी केली. आता वाटते, ही माहिती विमा कंपनीकडे किंवा भलत्याच हातात गेली तर? — एक तरुण वाचक, अलिबाग

पासवर्ड बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही, आणि त्यातला निम्मा तुमच्या सख्ख्या भावंडांशी सामाईक आहे. तुम्ही नळीत थुंकलात तेव्हा त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. अमेरिकेतल्या ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीकडची सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती गेली. त्यांनी मुळात काही हजार खात्यांत शिरकाव केला होता. बाकीचे लोक 'नातेवाईक शोधा' या सोयीमुळे उघडे पडले. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो माणसांची लाळ कोणाच्या मालकीची होणार, असा प्रश्न न्यायालयापुढे आला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी पकडला गेला, तोही दूरच्या नातेवाइकांनी एका संकेतस्थळावर स्वतःहून चढवलेल्या डीएनएवरून. तो पकडला गेला हे चांगलेच झाले, पण आपण न दिलेल्या नमुन्यावरूनही आपला माग निघू शकतो, हेही त्यातून कळले.

विम्याविषयी सांगायचे, तर अमेरिकेत २००८च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. आयुर्विमा त्यातून वगळलेला आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये 'जनुकीय आजार' असे सरसकट म्हणून दावा नाकारणे भेदभावाचे ठरवले आणि विमा नियामकानेही त्याच वर्षी कंपन्यांना तशा सूचना दिल्या. तरी प्रस्ताव-अर्जात जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर देणे बंधनकारक असते, खोटे लिहिल्यास दावाच अडचणीत येतो. म्हणून ज्यांनी अजून चाचणी केलेली नाही आणि विमाही घेतलेला नाही, त्यांनी आधी विमा घ्यावा, असे मी सांगते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क मान्य करतो. तुम्ही कंपनीला आजच लेखी कळवा : संशोधनाची संमती मागे घेतो, नमुना नष्ट करा, खाते बंद करा. उत्तर जपून ठेवा.

एका संस्थेची माणसे आमच्या वाडीत येऊन गेली. मोफत आरोग्य शिबिर घेऊ, रक्त घेऊ, समाजाचा जीनोम अभ्यासू, असे म्हणाले. बैठकीत दोन तट पडले. आम्ही काय विचारावे? — मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी, हर्णे परिसर

तुमच्या बैठकीत विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला समजते, तरी सरसकट नकार देऊ नका असे मी म्हणेन. हृदयाच्या एमवायबीपीसी-३ या जनुकातली २५ अक्षरे गळालेली असणे हा बदल सुमारे चार टक्के भारतीयांत असतो आणि त्याचा संबंध हृदय दुबळे होण्याशी आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपातल्या लोकांची कितीही रक्ते तपासली असती तरी हा बदल हाती लागला नसता. जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० माणसांचे जीनोम वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना खुली झाली. आपल्या किनाऱ्याची माणसे अशा संग्रहांत आली नाहीत, तर उद्याचे अहवाल आपल्यासाठी 'अर्थ अनिश्चित' असेच येत राहतील.

पण 'मोफत' या शब्दावर सही करू नका. नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र मागा. ते नसेल तर पुढचे बोलणेच नको. संमतीपत्र मराठीत असावे. नमुना कुठे आणि किती वर्षे ठेवणार, परदेशी किंवा औषध कंपनीला देणार का, गंभीर काही आढळले तर त्या माणसाला कळवणार का आणि पुढचा उपचार कोण सांगणार, मध्येच माघार घेता येईल का, हे सारे लेखी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गावकीने परवानगी दिली तरी प्रत्येक माणसाची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. घरकर्त्याने साऱ्या घराच्या वतीने अंगठा दिलेला चालत नाही. सुनेला आणि म्हातारीला वेगळे विचारले पाहिजे, आणि त्यांचा नकार नोंदवून घेतला पाहिजे.

संमतीपत्र आठवडाभर आधी मागवा आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. शिबिराची तारीख त्यांच्या सोयीने ठरवू नका. १ जूनला मासेमारी बंदी सुरू होऊन होड्या शाकारल्या गेल्या, की खलाशीही घरी असतील आणि बायकांनाही बाजाराची घाई नसेल. त्या दिवसांत देवळात सगळ्यांना बसवून ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून घ्या, आणि नमुने त्यानंतर दोन दिवसांनी द्या.